मैदानातून नगरपालिकेत

आइसलंड हा युरोपच्या उत्तर टोकाचा, चार लाखांहून कमी वस्तीचा देश. तिथे बहुतेकांना आडनाव नसते. वडिलांच्या नावाला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ जोडतात. आउस्थिल्दुर हेल्गादोत्तिर म्हणजे हेल्गीची मुलगी आउस्थिल्दुर. देशाच्या महिला फुटबॉल संघाची ही कर्णधार २००६ साली कोपावोगुर शहराच्या नगरपालिकेवर निवडून गेली.

फुटबॉलचा नगरपालिकेशी काय संबंध? तिथला हिवाळा लांब, मैदानावर बर्फ. २००० सालापासून तिथल्या नगरपालिकांनी छताखालची मैदाने बांधली. मुलींना खेळायला जागा मिळणार का, हे गावातच ठरते. त्या देशाच्या मुली २००९ मध्ये युरोपच्या मुख्य स्पर्धेत खेळल्या. पुरुषांना तिथे पोहोचायला २०१६ उजाडले!

आपल्याकडे पोरी खेळतात त्या बहुधा शाळेच्या पटांगणावर, नाहीतर गायरानात. गायरानाची देखरेख ग्रामपंचायतीकडे असते, आणि महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मग आपल्या गोंड, कोलाम भगिनी तिथे कमी का दिसतात?

शेजारच्या यवतमाळ, चंद्रपूरचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे सरपंचपद आदिवासींकडेच असते. वर्धा जिल्हा त्यात नाही. इथे आदिवासींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात आणि फिरत्या पद्धतीने येतात. लहान पोडाच्या वाट्याला जागा कित्येक वर्षांनी येते, आणि आली की कागद तयार नसतात.

कागदांत सर्वांत अवघड जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर निवडून आल्यावरही ते ठरलेल्या मुदतीत दिले नाही, तर पद जाते. पडताळणी समिती जुने पुरावे मागते, आणि त्यांत १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते: आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, महसुली कागद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकच शोधावे लागते.

बाईची गोष्ट आणखी वेगळी. जात वडिलांकडून सिद्ध होते, म्हणून सासरी नांदणारीला पुरावे माहेरहून आणावे लागतात. कागदापुरती तीही हेल्गादोत्तिरच! उमेदवारीसाठी मात्र मतदार यादीत नाव सासरच्या गावी हवे, आणि वय किमान २१. म्हणून मुलीचा जातीचा दाखला आणि आजोबांच्या नोंदीची नक्कल लग्नाआधीच काढून तिच्या हाती द्यावी. तहसील कार्यालयाच्या खेपा तेव्हा वडील घालू शकतात. नंतर कडेवर लेकरू घेऊन तिलाच घालाव्या लागतात.

मैदानाचा विषय काढायला निवडणुकीची वाट पाहायला नको. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायद्यातच आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी ती कधी आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आताच विचारून ठेवा.