ग्वाल्हेरच्या उन्हात कॅम्परमधील फ्रीज

गोव्याहून कॅम्पर घेऊन उत्तरेकडे निघणाऱ्यांनी मे महिन्यातील ग्वाल्हेरचे ऊन गृहीत धरावे. तेथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. सोबत इन्सुलिन असेल, तर न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांतच राहाव्या लागतात.

फ्रीज थंडावा निर्माण करीत नाही. आतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. त्यामुळे फ्रीजच्या कपाटाला बाजूंनी फोमचे आवरण द्यावे, पण मागची गरम जाळी मोकळी ठेवावी. खाली हवा आत येण्यासाठी आणि वर तापलेली हवा बाहेर जाण्यासाठी झरोके हवेत.

हे न केल्यास फटका बॅटरीला बसतो. ४५ वॅटचा कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालल्यास दिवसाला ५४० वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून तिला अपाय न होता सुमारे ६०० वॅट-तास मिळतात. कोंडलेल्या उष्णतेत कॉम्प्रेसर अखंड चालला, तर हा साठा तेरा तासांतच संपतो.

इन्सुलिन गोठल्यास निरुपयोगी ठरते. म्हणून कुप्या बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवाव्यात आणि शेजारी तापमापक असावा.