गावरान मुळा : बीपासून बीपर्यंत

मुळा हे नाव संस्कृतमधल्या ‘मूलक’वरून आले असले, तरी खाल्ला जाणारा सगळाच भाग मूळ नसतो. पानांखालचा गुळगुळीत तुकडा म्हणजे बीजदले आणि मूळ यांच्या मधला, फुगलेला खोडाचा भाग. बारीक तंतुमुळे दिसू लागतात तिथून खरे मूळ सुरू होते. लांब, पांढऱ्या गावरान मुळ्यात या खऱ्या मुळाचा वाटा मोठा असतो. लागवडीची बहुतेक पथ्ये त्यातूनच येतात.

सोटमुळाचे टोक दुखावले की बाजूची मुळे जोर धरतात आणि मुळ्याला दोन-तीन पाय फुटतात. म्हणूनच वांगी-मिरचीसारखे मुळ्याचे रोप करून लावत नाहीत, बी थेट जागेवर टोकतात. दगडगोटे, ढेकळे आणि न कुजलेले शेणखत यांमुळेही मूळ फाटते. वाफा हातभर खोल भुसभुशीत केलेला असावा आणि शेणखत पूर्ण कुजलेले असावे. बागेत हीच मेहनत सर्वात मोठी असते आणि तीच टाळली जाते.

पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरणी करावी. बी 1 ते दीड सेंटिमीटर खोल टाकले की चार-सहा दिवसांत उगवते. पुढे दोन रोपांत सुमारे 10 सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी लागते. उपटलेली कोवळी रोपे भाजीला चांगली लागतात, त्यामुळे हात आखडायचे कारण नाही. दाटीत वाढलेला मुळा बोटाएवढाच राहतो. मावा, पाने कुरतडणारी काळी अळी आणि पिसू भुंगेरे हे नेहमीचे शत्रू. परसात अळ्या सकाळी हाताने वेचता येतात.

मुळ्याचा तिखटपणा पेशींमध्ये तयार साठवलेला नसतो. तिथे ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगे आणि मायरोसिनेज हे विकर एकमेकांपासून वेगळे असतात. दातांखाली किंवा किसणीवर पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि झणझणीत द्रव्य तयार होते. सालीत ते जास्त होते, म्हणून सोललेला मुळा सौम्य लागतो. थंड रात्री श्वसनात साखर कमी खर्च होते, त्यामुळे हिवाळी मुळ्याला गोडी येते. उन्हाची तलखी आणि पाण्याचा ताण यांनी तो तिखट व तंतुमय होतो. कोरड्या पडलेल्या वाफ्याला एकदम भरपूर पाणी दिले, तर मुळा तडकतो.

गावरान मुळा साधारण दीड-दोन महिन्यांत काढणीला येतो. जास्त दिवस ठेवला तर आतल्या पेशी मरून त्यांत हवा भरते आणि गर भेंडासारखा पोकळ होतो.

वाण टिकवायचे असेल, तर उत्तम मुळे ताटात न जाता पुन्हा मातीत जायला हवेत. उपटलेल्या मुळ्यांतून रंग, आकार व चवीला वाणाशी जुळणारे निवडावेत, खालचा भाग आणि पानांचे शेंडे छाटून ते पुन्हा लावावेत. सर्वांत आधी फुलावर येणारी झाडे बियाण्यासाठी ठेवू नयेत. त्यांचे बी धरत गेले, तर पोसण्याआधीच फुलणारा वाण हाती येतो.

एकटे झाड मात्र पुरत नाही. मुळ्याच्या फुलातील कुक्षी स्वतःच्या झाडाचे पराग ओळखते आणि रुजू देत नाही. मधमाशांनी दुसऱ्या झाडावरून पराग आणले, तरच बी धरते. अनेक झाडे एकत्र फुलावर हवीत ती यासाठी. जवळपास मुळ्याचा दुसरा वाण फुलला असेल, तर बी मिश्र होते. बियाणे उत्पादक दोन वाणांत किलोमीटरभर किंवा अधिक अंतर राखतात. गावात ते जमत नसेल, तर झाडांवर जाळी घालून मऊ कुंचल्याने पराग फिरवता येतात. शेजारी कोबी असेल तर काळजी नको. 1920च्या दशकात रशियातील गिओर्गी कार्पेचेंको यांनी मुळा आणि कोबीचा संकर मुद्दाम घडवला, पण त्याची पहिली पिढी जवळजवळ वांझ निघाली.

युरोपातल्या काळ्या मुळ्यासारख्या वाणांना फुलायला बराच काळ कडक थंडी लागते, त्यामुळे मैदानी प्रदेशात त्यांचे बी सहसा धरत नाही. आपल्याकडच्या आशियाई वाणांना इथला हिवाळा पुरतो. फुलांमागून येणाऱ्या कोवळ्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या. त्यांची भाजी करण्याचा मोह होतो, पण बियाण्याच्या झाडावरच्या शेंगा वाळू द्याव्यात. मोहरीच्या शेंगेप्रमाणे ही शेंग वाळल्यावर तडकून उघडत नाही, त्यामुळे बी सांडत नाही. ते काढायला मात्र शेंगा कुटाव्या लागतात. बी सावलीत पूर्ण सुकवून कोरड्या डब्यात ठेवले, तर तीन-चार वर्षे उगवते. पुढच्या पेरणीआधी 10 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. आठवड्यात सात-आठ मोडावल्या, तर बियाणे पेरण्याजोगे आहे.