वाडीच्या कलाने बांधलेलं घर

अलिबागहून मुरूडकडे जाताना नांदगाव लागतं. तिथल्या एका नारळाच्या वाडीत २००७ साली ‘पामायरा हाऊस’ उभं राहिलं. वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’चं हे काम. घर सुमारे ३०० चौरस मीटरचं, एका कुटुंबापुरतं. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत निवडलेल्या मोजक्या वास्तूंत त्याचा समावेश होता.

अलिबाग परिसरात बंगला बांधायचा म्हटला की बहुतेकदा सुरुवात होते ती वाडी मोकळी करण्यापासून. माड पाडायचे, भराव घालायचा, समुद्राच्या बाजूला काचेची भिंत लावायची आणि त्या काचेने तापलेल्या खोल्यांना एसी बसवायचे. खारा वारा काँक्रीटच्या भेगांतून आत शिरतो, सळ्या गंजून फुगतात आणि थोड्याच वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटू लागतात. एवढा खर्च करून वाडीही जाते, घरही टिकत नाही.

नांदगावच्या घरात उलट वाट धरली आहे. एकच मोठी इमारत न बांधता माडांच्या सावलीत दोन लांबट, अरुंद दुमजली इमारती समोरासमोर बसवल्या. एकीत बैठक, दुसरीत स्वयंपाक आणि जेवण. मधल्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव.

खरी कमाल आहे ती भिंतींची. ताडाचं खोड आतून मऊ असतं. सगळा कस बाहेरच्या काळसर, तंतुमय भागात. तोच चिरून काढलेल्या आडव्या पट्ट्यांच्या झडपा घराला चहूबाजूंनी लावल्या आहेत. दुपारचं ऊन त्यांतून गाळून आत येतं, वारा मात्र अडत नाही. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा आणि त्याचे सांधे एकमेकांत गुंतवलेले. जोत्याला आणि फरशीला परिसरातला काळा दगड, तर गिलाव्याला तिथल्याच वाळूचा रंग. पाणी आवारातल्या तीन विहिरींचं: ते उंच टाकीत चढवायचं, मग आपल्या भाराने घरात उतरतं. वाडीचं शिंपणं दगडी पाटांतून होतं.

लाकडाची निगा मात्र सतत राखावी लागते. खाऱ्या हवेत हयगय चालत नाही. छप्पर भक्कम जखडणंही तितकंच गरजेचं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरची पत्रे-कौलं उडवली आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. जागा निवडतानाच भरतीरेषा पाहायला हवी. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर त्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत, तर दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ५० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे.

या घराची हुबेहूब नक्कल दुसरीकडे करण्यात अर्थ नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पायाखाली जांभा आहे, तेव्हा तिथे भिंती चिऱ्याच्याच हव्यात. त्यावर उतरतं कौलारू छप्पर आणि पावसाची झड झेलायला पुढे-मागे पडवी, हा तिथला जुना आराखडा आजच्या कुटुंबालाही पुरेसा सोयीचा आहे.