ज्याचा दिवस, त्याचा मान

मैत्रिणींनो, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कॅलेंडर आपण दिवसातून दहादा बघतो. दूध किती घेतले, गॅसचे सिलिंडर कधी लावले, मुलांची परीक्षा कधी सुरू, सगळे त्याच चौकोनांत लिहून ठेवतो. आणि त्याच चौकोनांत बारीक अक्षरांत आणखी काही छापलेले असते: चैत्रगौरी, बेंदूर, दिव्याची अवस, वसुबारस. 'कालनिर्णय' १९७३ साली निघाले आणि भटजींच्या पिशवीतले पंचांग आपल्या खिळ्याला येऊन लटकले. पण ती बारीक अक्षरे वाचायला वेळ आहे कुणाला? चतुर्थी-एकादशी तेवढी आपण पाहतो, तीही साबुदाणा आदल्या रात्री भिजवायचा असतो म्हणून!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मागे वर्गात 'बेंदूर म्हणजे काय?' असे विचारले, तर एकच हात वर आला. "बाई, तेव्हा मातीचे बैल विकायला येतात," असे उत्तर मिळाले. चूक नव्हते ते. पण मला माझ्या आजीची आठवण झाली. तिच्या घरी ही बारीक अक्षरेच वर्ष चालवीत असत.

आजी वाईची. कृष्णेच्या काठी आमचे जुने घर, पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे परस आणि परसात एक गाय. मी त्याच घरात वाढले. आजीला लिहिणे जेमतेम येई, पण आज कोणती तिथी हे तिला कधी विचारावे लागले नाही. पहाटे उठून अंगणात सडा टाकताना ती आम्हाला सांगायची, "आज अमक्याचा दिवस बरं का." म्हणजे त्या दिवशी मान त्याचा, आणि घर त्याच्या तंत्राने चालायचे.

आता बघा हं, तिचे वर्ष कसे जायचे. चैत्रात पाडव्याला कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर चावून झाला, की तृतीयेला चैत्रगौर पाळण्यात बसायची ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. माहेरवाशीणच ती! महिनाभर तिच्यासाठी कैरीचे पन्हे, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे. अक्षय्य तृतीयेला मान गेलेल्या माणसांचा. त्यांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा घडा दान द्यायचा. वैशाखाच्या उन्हात पाण्याइतके मोठे दान ते कोणते?

आषाढात आमच्याकडे बेंदूर. (दुसरीकडे हाच सण श्रावणाच्या अमावास्येला पोळा म्हणून होतो.) त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही, त्याला न्हाऊ घालून पुरणपोळी द्यायची. आमच्याकडे बैल नव्हते, पण दूधवाल्याच्या बैलांसाठी आजी आठवणीने नैवेद्य पाठवायची. त्याआधी कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपिठे पोटभर खाऊन घ्यायची, कारण एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास! कांदा, लसूण, वांगी बंद. "देव चार महिने निजतो, तर आपण आपली जीभ चार महिने निजवावी," एवढेच तिचे म्हणणे. आषाढ सरताना दिव्यांच्या अवसेला घरातले झाडून सारे दिवे, समया, निरांजने, अगदी गोठ्यातला कंदीलसुद्धा घासून-पुसून पाटावर बसायचे. वर्षभर जे उजेड देतात, त्यांना एक दिवस आपण ओवाळायचे.

श्रावणात तर रोजच कुणाचा तरी मान. सोमवारी शिवामूठ, एकेका सोमवारी तांदूळ, तीळ, मूग, जव अशी मूठ महादेवाला वाहायची. शुक्रवारी जिवतीसमोर आम्हा पोरांना ओवाळायचे. नागपंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, तवा ठेवायचा नाही. विळी त्या दिवशी भिंतीला टेकून उभी. पुरणाची दिंडे उकडायची नि खायची. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, म्हणून परसातल्या आळू-भोपळ्याची भाजी. पितृपंधरवड्यात वाडवडील आणि कावळे. नवरात्रात मातीत पेरलेले धान्य. दसऱ्याला शस्त्रे-अवजारे, म्हणजे आमच्याकडे विळी, अडकित्ता, शिवणाचे यंत्र आणि आमची दप्तरे! वसुबारसेला गायीचा मान. त्या दिवशी दूध-तूप आपण खायचे नाही, सगळे वासराचे. वासरू कसे उड्या मारायचे म्हणून सांगू!

पुढे तुळशीचे लग्न, मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, रथसप्तमीपर्यंत तिळगूळ, आणि फाल्गुनात होळीची पोळी. वर्ष संपले की पुन्हा पाडवा.

तुम्ही म्हणाल, हे सगळे ऋतूंशी इतके नेमके जुळते कसे? त्यामागे हिशेब आहे. चंद्राचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात. ते भरून काढायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना धरतात. २०२३ साली श्रावण असाच अधिक आला होता. म्हणून तर श्रावण पावसाळा सोडून जात नाही. आजीला हा हिशेब ठाऊक नव्हता. अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, हे मात्र पक्के ठाऊक होते.

हल्ली प्रत्येक व्रतामागे शास्त्र शोधायची टूम निघाली आहे. मोबाईलवर रोज एक नवे शास्त्र येते. मला त्याची गरज वाटत नाही. आजीच्या घरात राहून मला एवढेच दिसले, की वर्षात प्रत्येकाला एक दिवस मिळत होता. बैलाला, गायीला, दिव्याला, विळीला, मेलेल्या माणसांनासुद्धा. जे आपल्यासाठी राबतात त्यांच्यापुढे एक दिवस आपण हात जोडायचे, ही आजीची श्रद्धा. ती तिने कधी बोलून दाखवली नाही. ती रांधून, वाढून दाखवली.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट लहानपणी मला दिसली नाही, मोठेपणी दिसली. या साऱ्या वर्षात आजीचा म्हणून एकही दिवस नव्हता.

आजोबा गेले तेव्हा आजी चाळिशीचीसुद्धा नव्हती. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची डाळ तीच वाटायची, पन्ह्यात गूळ किती, वेलदोडा किती, हे तीच ठरवायची. पण ओटीवर बायका यायला लागल्या, की ती माजघरात जाऊन बसायची. कुणी जा म्हणायचे नाही. म्हणावे लागतच नसे. भाद्रपदात अविधवा नवमी येते, ती सवाष्णपणी गेलेल्या बाईची. आजीच्या सासूबाई तशा गेलेल्या. त्यांच्यासाठी आजी सवाष्ण जेवायला बोलवायची, तिच्यासाठी पुरण वाटायची. गेलेल्या सवाष्णीला मान होता. जित्या आजीला नव्हता!

मी चौथीत असतानाची गोष्ट. चैत्रातलेच हळदीकुंकू होते. ओटी बायकांनी भरलेली. माझी आई कुंकवाचा करंडा घेऊन सरळ माजघरात गेली आणि म्हणाली, "सासूबाई, गौर तुमच्या हातची डाळ खाते, मग तुम्ही तिच्यापुढे का नाही बसायचं?" आजी गप्पच. मग हळूच म्हणाली, "कुंकू राहू दे गं. हळद लाव." आईने हळद लावली, हातात मोगऱ्याचा गजरा दिला आणि हाताला धरून बाहेर आणले. ओटीवर एकदम शांतता! एक शेजारीण उठून गेली. पुढच्या वर्षी आणखी दोघी आल्या नाहीत. काकूला काळजी लागली, "लोक काय म्हणतील?" तेव्हा आजीच म्हणाली, "देवीनं कधी मला आत बस म्हटलं नाही. माणसांनीच म्हटलं."

आजीने कुंकू शेवटपर्यंत लावले नाही. तो तिचा निश्चय होता आणि आईने तो मोडायचा हट्ट धरला नाही. पण त्यानंतर दर चैत्रात आजी गौरीजवळ पाट मांडून बसायची आणि हरभऱ्याची ओटी तीच भरायची. आळीतल्या दोन बायका, ज्या अशा कार्याला कधी आल्या नव्हत्या, त्या येऊ लागल्या. त्यांतली एक आमच्याकडे भांडी घासायला यायची. आजीने तिला पन्हे दिले ते स्वतः उठून, पेल्याखाली ताटली धरून.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करायला सांगितले. ती बातमी वाचून मला आमचे माजघर आठवले. ठराव गावाचा असो की सरकारचा, त्याला घरात आणायचे काम शेवटी आपले. हळदीकुंकवाची यादी कोण करते? आपणच ना!

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. आजीचे सगळे वर्ष दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मावणार नाही. नोकरी, क्लास, लोकल यांत सोवळे-ओवळे बसणार नाही. नाही तर नाही! वर्षातले चारच दिवस निवडा. वसुबारसेला मुलांना गाय-वासराची गोष्ट सांगा आणि एक दिवस दुधाशिवाय काढून बघा. दिव्यांच्या अवसेला घरातला एकुलता एक दिवा का असेना, तो मुलांकडून घासून घ्या. अक्षय्य तृतीयेला जिन्याच्या तोंडाशी पाण्याचा माठ आणि पेला ठेवा, कुरिअरवाला, कचरेवाली पाणी पितील. आणि चैत्रगौरीला डाळ-पन्हे करा.

कठीण काही नाही. वाटीभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची. अर्धी वाटी कैरीचा कीस (आंबटपणा बघून कमी-जास्त), मीठ, चवीला साखर, ओले खोबरे, कोथिंबीर आणि वर मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी. आजी फोडणी गार करून घालायची, त्याने डाळ मोकळी राहते. पन्ह्याला उकडलेल्या कैरीचा गर जेवढा, त्याच्या दुप्पट गूळ.

मग बायका बोलवायची यादी करायला बसा. त्या यादीत वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजी घाला. गेल्या वर्षी जिचा नवरा गेला ती मैत्रीण घाला, लग्न न केलेली शेजारीण घाला, कामाच्या बाईंनाही घाला. कुणी कुंकू लावील, कुणी हळद, कुणी नुसते फूल घेईल. जिला जे हवे ते तिच्या हाती द्या. कुणी उठून गेलीच, तर तिला पुढच्या चैत्रात पुन्हा बोलवा.

आणि हो, बोलावणे करताना फोनवर नुसता निरोप टाकू नका. दारापर्यंत जा. ज्यांना इतकी वर्षे कुणी बोलावले नाही, त्या निरोपाने येत नाहीत हो!