जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे ब्रेक : अल्प खर्चातील सुधारणा

ब्रेक गाडी थांबवितो, असे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो. वस्तुतः गतीचे उष्णतेत रूपांतर करून ती उष्णता हवेत सोडून देणे, हे ब्रेकचे कार्य होय. गाडीला रोखून धरते ती टायर आणि रस्ता यांमधील पकड. हा भेद ध्यानात घेतला, म्हणजे जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे ब्रेक सुधारताना पैसा प्रथम कोठे खर्च करावा, हे ठरविणे सोपे जाते.

दोन माणसांसह ९०० किलोग्रॅम वजनाची एक लहान, उघडी मोटार घेऊ. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तिच्यात सुमारे १२५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग ८० झाला की ती २२२ किलोज्यूल होते आणि १०० झाला की ३४७. वेग दुप्पटही झालेला नसतो, परंतु ब्रेकवरचा भार जवळजवळ तिप्पट झालेला असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारीला नवे, अधिक शक्तिमान इंजिन बसवून ब्रेक मात्र जुनेच ठेवणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यांवरून कळून येईल.

सपाट रस्त्यावर हा दोष लपून राहतो. घाटात तो उघडा पडतो. रायपूरच्या परिसरातील रस्ते बहुतांशी सपाट आहेत. परंतु रायपूर-जगदलपूर मार्गावर कांकेरच्या पुढे केशकालचा वळणावळणांचा घाट आहे, आणि परतीच्या प्रवासात तो उतरावा लागतो. महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचा बोरघाट घेतला, तर खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना रस्ता सुमारे ५०० मीटर खाली उतरतो. आपल्या ९०० किलोग्रॅमच्या मोटारीपुरते पाहिले, तर या उतारात ४,४०० किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगावरून लागोपाठ वीस वेळा गाडी थांबविण्याइतकी. तिचा काही भाग हवेच्या विरोधात खर्च होतो. उरलेला भाग इंजिनाने सोसावा की ब्रेकने, हे चालकाच्या हाती असते. म्हणून उतारावर खालचा गिअर हाच सर्वांत स्वस्त ब्रेक होय.

तापलेला ब्रेक दोन प्रकारे दगा देतो. पहिल्या प्रकारात लायनर अतिशय तापून त्यांचे घर्षण कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी आवरत नाही. दुसऱ्या प्रकारात ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. त्यामुळे पेडल तळाला टेकते आणि चाकापर्यंत दाब पोहोचतच नाही. यांपैकी दुसरा प्रकार टाळण्यास अत्यल्प खर्च पुरतो. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ असे आहेत. चार महिन्यांचा पावसाळा आणि त्याआधीचा मध्य भारतातील कडक उन्हाळा लक्षात घेता, दर दोन वर्षांनी ऑइल पूर्णपणे बदलून नळ्यांतील हवा काढणे ही सुधारणांची पहिली पायरी होय. त्याच वेळी फुगलेले रबरी होज पाईप आणि सिलिंडरांतील झिजलेली रबरे बदलावीत.

दुसरी पायरी लायनरची. चांगल्या प्रतीचे लायनर बसवून ड्रम लेथवर गोल करून घेतला, तर जुना ब्रेकही पुष्कळ सुधारतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ड्रम उघडल्यावर ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

याउपर गरज भासली, तरच पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसविण्याचा विचार करावा. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो; डिस्क मात्र उघड्या हवेत फिरत असल्याने लवकर निवते. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकली, तेव्हा हा गुण जगाला पटला. मात्र कारखान्यातून नवे भाग घडवून घेणे महाग पडते. त्याऐवजी आपल्या गाडीच्या भावकीतील एखाद्या मोठ्या मोटारीचे भाग शोधावेत. मद्रासमध्ये १९६१ ते १९७१ या काळात तयार झालेली स्टँडर्ड हेरल्ड आणि इंग्लंडमध्ये १९६२ साली आलेली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार एकाच सांगाड्यातून निघालेली भावंडे आहेत. स्पिटफायरला पुढे नऊ इंची डिस्क होती. त्याच घराण्यातील जीटी ६ ला ९.७ इंची. असा बदल करताना डिस्क, कॅलिपर, हब व त्यांना धरणारा उभा जोड हा संच सबंध घ्यावा आणि कॅलिपरला चाकाच्या आत पुरेशी जागा आहे की नाही, ते आधी पाहावे. वापरलेली डिस्क घेताना तिची जाडी मोजावी आणि कॅलिपरची रबरे नवीच घालावीत.

केवळ मोठा भाग बसविल्याने काम संपत नाही. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. मागची चाके आधी जखडली, तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून पुढची चाकेच आधी जखडली पाहिजेत. डिस्कला ड्रमपेक्षा अधिक दाब लागतो. पाऊण इंच व्यासाच्या मास्टर सिलिंडरऐवजी पाच अष्टमांश इंचाचा बसविला, तर पायाच्या त्याच जोराने जवळजवळ दीडपट दाब मिळतो. पण पेडल त्याच प्रमाणात अधिक खोल जाते. ड्रमच्या नळीत थोडा दाब सतत राखणारी झडप असते. तीच डिस्कच्या नळीत राहिली, तर पॅड डिस्कला घासत राहतात.

आणखी एक गोष्ट डिस्कपेक्षाही मोलाची आहे. अनेक जुन्या मोटारींत चारही चाकांना एकच नळीमार्ग असतो. कोठेही गळती झाली की सर्व ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर बसविला, तर एक मार्ग फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबविता येते. मर्यादित पैशांत डिस्क किंवा हा सिलिंडर यांपैकी एकाचीच निवड करावयाची असेल, तर सिलिंडर निवडावा.

बदल झाल्यावर मोकळ्या, कोरड्या, सपाट जागी ताशी ३० किलोमीटर वेगापासून चाचणी सुरू करावी आणि कोणती चाके आधी जखडतात, ते बाहेर उभ्या असलेल्या सोबत्याकडून पाहून घ्यावे. टायर झिजलेले असतील, तर ते चाचणीपूर्वीच बदलावेत. कारण पकडच नसेल, तर उत्तमातला उत्तम ब्रेकही चाक तेवढे थांबवील, गाडी नव्हे.