संकेतस्थळाचे बिऱ्हाड आपणच थाटावे

नियतकालिकाचे मराठी आणि कन्नड दोन्ही विभाग संकेतस्थळावर यावेत, अशी सूचना विद्यार्थीमित्र वारंवार करतात. सूचना मला मान्य आहे. मात्र हे काम जाणणारा एखादाच विद्यार्थी असतो आणि तीन वर्षांनी तो पदवी घेऊन निघून जातो. त्याच्यामागे किल्ल्या कोणाकडे, सामान कोठे, हे कोणालाच सांगता येत नाही. हे टाळायचे तर स्थापना एकदा तरी हाताने करून पाहावी, असे मला वाटते. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

उदाहरणादाखल 'वर्डप्रेस' घेऊ. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 'बीटू' या जुन्या प्रणालीवरून ती रचली व 2003 साली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे. होस्टिंग कंपन्या एका कळीसरशी ती बसवूनही देतात. पण आयत्या ताटावर बसणाऱ्याला चूल कोठे आहे ते कळत नाही.

सर्व्हरवरील जागा म्हणजे भाड्याची खोली. कामे तीन. पहिले, नियंत्रण-फलकातून एक डेटाबेस निर्माण करावा. त्यासाठी एक वापरकर्ता व परवलीचा शब्द ठरवून त्या वापरकर्त्याला डेटाबेसवरचे सर्व अधिकार द्यावेत. दुसरे, वर्डप्रेसची झिप फाइल उतरवून उलगडावी व आतील सामान एसएफटीपीने 'पब्लिक-एचटीएमएल' या फोल्डरात चढवावे. बाहेरचे वेष्टन-फोल्डर तसेच चढवले, तर स्थळाच्या पत्त्याला नाहक एक शेपूट जोडले जाते. तिसरे, 'डब्ल्यूपी-कॉन्फिग-सॅम्पल' या फाइलीच्या नावातील 'सॅम्पल' काढून तिच्यात डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, परवलीचा शब्द आणि यजमान ही चार उत्तरे भरावीत. यजमान बहुधा 'लोकलहोस्ट' असतो. मग ब्राउझरात स्थळाचा पत्ता उघडला, की स्थळाचे नाव व व्यवस्थापकाचा तपशील विचारला जातो आणि स्थापना पूर्ण होते. डेटाबेसशी जोडणी होत नाही असा संदेश आलाच, तर बहुतेक वेळा या चार उत्तरांतच कोठेतरी खोट असते.

फोल्डरांना 755 आणि फाइलींना 644 परवानग्या असाव्यात. 777 देणे म्हणजे दार सताड उघडे टाकून यात्रेला जाणे होय.

आपल्यासारख्या द्विभाषिकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. डेटाबेसचा अक्षरसंच 'यूटीएफ-8-एमबी-4' असावा. देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक वर्णचिन्हाला यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट लागतात. जुन्या लॅटिन संचात ही अक्षरे मावत नाहीत. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात, आणि मग मूळ मजकूर त्यांतून परत मिळत नाही. एका लिपीला न्याय आणि दुसरीला अन्याय असा भेद मात्र येथे नाही; बुडाल्या तर दोन्ही बुडतात!

हे सारे हाताने केले म्हणजे कळते, की लेख डेटाबेसमध्ये राहतात, चित्रे 'डब्ल्यूपी-कंटेंट'मध्ये, आणि दोहोंची गाठ त्या कॉन्फिग फाइलीत असते. या तिन्हींची प्रत महाविद्यालयाच्या कपाटात असली, की कंपनी बदलो वा विद्यार्थी जावो, बिऱ्हाड दुसरीकडे हलवता येते. ग्रंथपाल जसे दाखल-नोंदवही पुढच्याच्या हाती सोपवतात, तशी ही प्रत आणि किल्ल्या दरवर्षी पुढच्या संपादक मंडळाच्या हाती सोपवाव्यात, एवढीच माझी विनंती.