मुलाचा दात तुटला, तर निपाणीहून जायचे कुठे?

विटीदांडू, शाळेच्या पायऱ्या, पावसाने निसरडी झालेली अंगणातली फरशी, थोरल्या भावाची सायकल. सात ते दहा वर्षांच्या मुलाचा समोरचा दात तुटायला यातले एखादे निमित्तही पुरते. तुटतो तो बहुतेक वेळा वरच्या मधल्या दोन दातांपैकी एक, आणि ज्यांचे वरचे दात पुढे आलेले असतात त्यांचा जरा जास्तच. हे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि जन्मभर टिकवायचे असतात.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातल्या आईबापांना पहिला धसका बसतो तो खर्चाचा. पण तुकडा केवढा उडाला, एवढ्यावरच खर्च ठरत नाही. दाखवायला किती उशीर झाला आणि पुढे किती खेपा माराव्या लागल्या, यावरही तो वाढत जातो. या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

आधी मूल पाहा, मग दात

पडल्यावर मूल बेशुद्ध झाले होते का, उलटी झाली का, पेंगुळले आहे का, हे आधी बघा. यातले काही असेल तर दातांच्या दवाखान्यात न जाता थेट मोठ्या रुग्णालयात जायचे. तोंड मिटल्यावर दातावर दात नीट बसत नसेल, तर जबड्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी. तुटलेला तुकडा सापडला नाही तर ओठाची जखम तपासून घ्या, कारण तो ओठात रुतून बसतो आणि आठवड्याने गाठ म्हणून हाताला लागतो. मूल सारखे खोकू लागले तर तुकडा श्वासनलिकेत गेला असू शकतो. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या लसीचे विचारा.

तुकडा सापडला तर टाकू नका. स्वच्छ भांड्यात पाण्यात घालून सोबत न्या. अखंड मिळालेला तुकडा डॉक्टर परत चिकटवू शकतात. तो मुलाच्या स्वतःच्या दाताचा, त्याच रंगाचा असतो आणि त्यासाठी वेगळे साहित्य घडवावे लागत नाही. कोरडा पडलेला तुकडा चिकटवण्याआधी वीसेक मिनिटे पाण्यात भिजवतात.

अख्खा दात हातात आला तर

इथे मात्र घड्याळ बघायचे. कायमचा दात मुळासकट निघून पडला, तर तो त्याच खाचेत परत बसवता येतो. मुळावरच्या पेशी कोरड्यात फार काळ जगत नाहीत. अर्ध्या तासाच्या आत बसला तर आशा चांगली, कोरड्यात तास उलटला की दात दीर्घकाळ टिकण्याची आशा पुष्कळच कमी होते. दात मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरा. माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवा. घासू नका, पुसू नका, साबण लावू नका. जमत असेल तर तिथल्या तिथे खाचेत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. नाहीच जमले तर थंड दुधाच्या पेल्यात दात ठेवून निघा. दात पाण्यात ठेवू नये, त्याने पेशी फुगून फुटतात. तुटलेल्या तुकड्याला पाणी चालते आणि अख्ख्या दाताला दूध लागते, हा फरक घरातल्या सगळ्यांना माहीत असावा.

अशा वेळी स्वस्त दवाखाना शोधत बसू नका. कोगनोळीहून, सौंदलग्याहून किंवा भोजहून जो दंतवैद्य सर्वांत जवळ असेल त्याच्याकडे जा. दात बसवून साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून ठेवतात. पुढचे उपचार मग कमी खर्चाच्या ठिकाणी हलवता येतात.

दुधाचा दात असा निघाला तर परत बसवायचा नसतो. खालून येणाऱ्या कायमच्या दाताला इजा होण्याची भीती असते.

किती खोल तुटला

दाताचे तीन थर लक्षात ठेवले की डॉक्टर काय म्हणतात ते कळते. वरचे कवच, त्याखालचा पिवळसर थर आणि आत नस. नुसते कवच उडाले असेल तर दुखत नाही. कड घासून गुळगुळीत करतात किंवा दाताच्या रंगाचे सिमेंट लावतात. पिवळसर थर उघडा पडला तर गार पाणी झोंबते. हा दात झाकून घ्यायला हवा, कारण त्या थरातल्या सूक्ष्म नळ्यांतून जंतू आत नसेपर्यंत पोचतात.

मधोमध लाल ठिपका दिसला, रक्त आले, तर नस उघडी पडली. आईबाप सर्वांत जास्त घाबरतात ते इथेच, आणि पैसेही इथेच जास्त वाया जातात. ‘नस उघडी म्हणजे रूट कॅनल’ हे मोठ्यांच्या दातांबाबत पुष्कळदा खरे असले, तरी मुलांबाबत ते तसेच लागू करू नये. दात तोंडात दिसू लागल्यावरही त्याचे मूळ पूर्ण व्हायला साधारण तीन वर्षे जातात. आठ वर्षांच्या मुलाच्या दाताचे मूळ खाली उघडे आणि भिंती पातळ असतात. नस जिवंत राहिली तरच ते मूळ भरते. म्हणून वरचा एक-दोन मिलिमीटर दुखावलेला भाग काढून, औषध ठेवून, उरलेली नस जिवंत राखतात. स्वीडनमधले दंतवैद्य मिओमीर स्वेक यांनी 1978 मध्ये या पद्धतीचे चांगले निष्कर्ष मांडले आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दाखवायला एखादा दिवस उशीर झाला असला तरी ती पुष्कळदा यशस्वी होते. तेच मूल दोन महिन्यांनी हिरडीवर गळू घेऊन गेले, तर नस मेलेली असते. मग उघडे मूळ औषधाने बंद करण्याचे काम महिनोन्‌महिने चालते आणि दर खेपेला पैसे मोजावे लागतात.

आपल्याकडे ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणायची रीत आहे. मेलेली नस दुखत नाही, दात नुसता काळपट पडत जातो. दुखणे थांबले की सगळे उरकले असे मानणे, हे माझ्या मते या भागातले दातांचे सर्वांत महागडे मत आहे.

घरगुती उपायांचे थोडे. लवंगेचे तेल उघड्या दातावर लावू नका. दाताच्या रंगाचे सिमेंट त्या तेलामुळे नीट घट्ट होत नाही. तंबाखूच्या मुलखात दुखऱ्या दाताशी मिश्री किंवा तंबाखूची चिमूट धरणारेही भेटतात. मुलाच्या बाबतीत हा विषयच नको. दुखत असेल तर वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

दुधाचा दात तुटला तर

‘पडणारच आहे’ हे अर्धे खरे. कड उडाली असेल तर बहुधा नुसते लक्ष ठेवतात. दात हिरडीत आत घुसला तरी पुष्कळदा तो आपोआप खाली येतो. रंग बदलला एवढ्यावरून उपचार लागत नाहीत. सूज, गळू किंवा नस उघडी असेल तर मात्र दाखवायलाच हवे. दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर ती जागा राखायला छोटी तार बसवतात. नाहीतर शेजारचे दात सरकतात आणि पुढे दात सरळ करायचा खर्च उभा राहतो.

निपाणीत काय, बेळगावला काय

माझा सल्ला असा : पहिले झाकण गावात, पुढचे काम कॉलेजात. पिवळसर थर उघडा असेल तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातल्या किंवा जवळच्या खासगी दंतवैद्याकडून त्याच दिवशी तात्पुरते सिमेंट लावून घ्या. हे छोटे काम आहे आणि त्याने थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत दंत महाविद्यालय गाठता येते.

बेळगावात अशी दोन ठिकाणे आहेत. नेहरूनगरात 1985 पासून केएलईचे विश्वनाथ कत्ती दंतविज्ञान महाविद्यालय आहे आणि बॉक्साइट रोडवर मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय. दोन्हीकडे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, कर्मचाऱ्यांच्या तोंडी ‘पेडो’. केसपेपर काढतानाच मुलाचे वय सांगून तिकडे पाठवायला सांगा. काम शिकाऊ किंवा पदव्युत्तर विद्यार्थी करतात, अध्यापक मध्ये मध्ये येऊन तपासतात. त्यामुळे दर सामान्यतः खासगी दवाखान्यापेक्षा कमी आणि वेळ जास्त. खासगीत अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला इथे सकाळ जाईल. ‘शिकाऊ पोरांच्या हाती कशाला द्यायचे’ असे काही जण म्हणतात. मला उलट वाटते. आठ वर्षांच्या दाताची नस वाचवायचे काम रोज बघणारे लोक याच विभागात बसतात. पाठ्यपुस्तकात सांगितलेली एकही पायरी तिथे गाळू देत नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आता बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या जिल्हा रुग्णालयात, दर आणखी कमी असतात. दात काढणे, साधे सिमेंट भरणे यासाठी ते बरे.

बोरगाव, बेडकिहाळकडच्या लोकांना सांगली-मिरज जवळ पडते आणि सांगलीतही दंत महाविद्यालये आहेत. वारणा खोऱ्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. निपाणीहून कोल्हापूर 40 किलोमीटर आणि बेळगाव सुमारे 75. तरीही पाच-सहा खेपांचे काम असेल तर लांबचे बेळगाव स्वस्त पडू शकते. कारण बसभाडे.

बसभाड्याचा हिशेब

11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना सुरू आहे. राज्यातला पत्ता असलेले ओळखपत्र दाखवून बायका-मुली कर्नाटक परिवहनच्या साध्या आणि एक्सप्रेस बसमधून राज्यात फुकट प्रवास करतात. आई मुलीला घेऊन बेळगावला गेली तर जाण्यायेण्याला पैसा लागत नाही. मुलगा असेल तर त्याच्यापुरते तिकीट. निपाणी स्थानकात महाराष्ट्राची एसटीही येते. घाईत तिच्यात चढलात तर शक्ती चालत नाही, हे लक्षात ठेवा. वडिलांची रोजंदारी बुडण्यापेक्षा अशा खेपांना आईने किंवा आजीने जाणे पुष्कळ घरांना परवडते. अर्थात आईही शेतावर किंवा विड्या वळायला जात असेल, तर हा हिशेब बदलतो.

कार्डे आणि योजना

यातून फार आशा धरू नका. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. जबडा मोडला तर कार्ड जरूर पुढे करा. दाताला सिमेंट लावण्याला ते सहसा लागू होत नाही. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला. कर्नाटकाने त्याला हरकत घेतली आणि वाद पेटला. वाद काहीही असो, तुटलेल्या दाताचा साधा उपचार त्याही योजनेचा विषय नाही. कर्नाटकाची दंतभाग्य योजना वयस्कांच्या कवळीसाठी आहे.

मुलांसाठी खरे कामाचे आहे ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक. 2013 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतल्या मुलांची दोनदा तपासणी ठरलेली आहे. तपासणीच्या यादीत दातांची कीड आहे. पथक मुलाला चिठ्ठी देऊन वरच्या रुग्णालयात पाठवू शकते आणि तिथला उपचार मोफत अपेक्षित आहे. पण तुटलेला दात पथकाची वाट बघत नाही. मुख्याध्यापकांना सांगून पथकाच्या डॉक्टरांशी बोला, चिठ्ठी मिळाली तर घ्या, आणि तोवर दात झाकून घ्या.

खुर्चीत बसण्याआधी

कुठेही गेलात तरी तीन गोष्टी विचारा : एकूण खेपा किती, एक्स-रेसकट एकूण खर्च किती, आणि मुलाच्या दाताचे मूळ पूर्ण झाले आहे का. तिसरा प्रश्न ऐकून डॉक्टर जरा सावरून बसतील, आणि ते चांगलेच.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला समोरच्या दातावर सिरॅमिकची महाग कॅप सुचवली तर घाई करू नका. या वयात नस मोठी असते, घासताना तिला धक्का लागू शकतो. हिरडीची रेषाही अजून सरकत असते, म्हणून आज बसवलेल्या कॅपची कड काही वर्षांत उघडी दिसते. सिमेंटने बांधलेला दात अठरा वर्षांपर्यंत चालवता येतो. तो मध्ये एखाद-दोनदा उडेल, तेव्हा परत बांधायचा. पोराला मात्र पेरू आणि उसाचे कांडे त्या दाताने तोडू नको म्हणून बजावावे लागते, आणि तो ऐकेलच याची हमी कोणता डॉक्टर देणार?

पुढच्या तारखा

कवच किंवा पिवळसर थर तुटला असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून बघतात. नस उघडी पडली होती तर मध्ये तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यातही. या तारखा केसपेपरवर लिहून घ्या आणि शक्य तिथे सुट्टीच्या दिवसांत बसवा, शाळाही बुडणार नाही. जुने एक्स-रे जपून ठेवा. मूळ वाढले की नाही हे जुना आणि नवा शेजारी धरल्याशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर एक एक्स-रे परत काढायचे पैसे वाचतात. मधल्या काळात हिरडीवर फोड दिसला, दात काळपट झाला किंवा हलू लागला, तर तारखेची वाट न बघता निघा.